हौसेला मोल असतं

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉप्सफील्ड नावाचं एक लहान गाव आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास तिथे शेतकी जत्रा भरते आणि तिच्यात राक्षसी भोपळ्यांची वजनं होतात. २०१२ साली याच जत्रेत रॉन वॉलेस यांचा भोपळा २,००९ पाउंड, म्हणजे ९११ किलो भरला. २,००० पाउंडांची रेघ ओलांडणारा तो जगातला पहिला भोपळा. त्यानंतर विक्रम देशोदेशी फिरत राहिला. २०२१ साली इटलीच्या स्तेफानो कुत्रुपीचा भोपळा १,२२६ किलो, २०२३ साली मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगरचा १,२४७ किलो, २०२५ साली इंग्लंडच्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा १,२७८ किलोंच्या वर.

अशा भोपळ्यासमोर एक पाटी लावलेली असते. वजन, पिकवणाऱ्याचं नाव, गाव. बघ्यांमध्ये कुणी जाणकार असेल तर तो बियाणं विचारतो, कारण या खेळात बियाण्याची वंशावळ घोड्यांच्या वंशावळीसारखी जपतात. खत विचारतात, माती विचारतात. पण या भोपळ्याला पाणी किती लागलं आणि ते कुठून आणलं, हा प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही. पाटीवर तर तो आकडा कधीच नसतो.

मी याच भागात राहते आणि गेली काही वर्षं परसात राक्षसी भोपळे लावते. म्हणून हे भांडण घरातलं आहे. माझं म्हणणं असं: राक्षसी भोपळ्याला पाणी कसं द्यायचं आणि कुठलं द्यायचं, हा आमच्या मंडळींना फक्त तंत्राचा प्रश्न वाटतो. तो तितकाच नीतीचाही आहे. आणि गंमत म्हणजे दोन्ही अंगांनी विचार केला तरी उत्तर एकच येतं. पाणी मोजून द्या, मुळाशी द्या, आणि आधी आभाळातून पडलेलं वापरा. विहीर सगळ्यात शेवटी.

आधी हौसेविषयी

माझी आई फोनवर दर वर्षी विचारते, "अगं, खायचा नाही, विकायचा नाही, मग एवढा कशाला वाढवायचा?" प्रश्न रास्त आहे. हा भोपळा आपल्या घारग्यांचा लाल भोपळा नव्हे. जात त्याच कुळातली, पण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात विंडसर इथल्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून 'अटलांटिक जायंट' नावाचं वाण तयार केलं, आणि आजचे जवळजवळ सगळे विक्रमी भोपळे त्याच घराण्यातले आहेत. हे फळ फक्त मोठं होण्यासाठी वाढवलेलं आहे. गर पाणचट, चव यथातथा. जत्रा संपली की बिया काढून घ्यायच्या आणि बाकीचं कोरायला किंवा खताच्या ढिगात.

आईला मी सांगते की शंकरपटात पळणाऱ्या बैलाने नांगर किती ओढला, हे कुणी विचारत नाही. पतंग उडवून पोट भरत नाही. माणसाला निरुपयोगी गोष्टींचा आनंद घेता येतो आणि तो घ्यावा. ज्यांना प्रत्येक वाफ्याचा पैशात हिशेब हवा असतो, त्यांच्या बाजूने मी नाही.

पण आपल्याकडे एक म्हण आहे, हौसेला मोल नसतं. मला ती पटत नाही. पोटासाठी पिकवणारा माणूस पाणी जास्त घेत असेल तर त्याच्याशी वाद घालताना आपला आवाज खाली येतो, कारण समोर भूक उभी असते. हौशी माणसाच्या पाठीशी अशी कुठलीच सबब नसते. म्हणून गोष्ट जितकी बिनकामाची, तितका तिचा हिशेब चोख असायला हवा. हौस स्वतःच्या खिशातून होते तेव्हाच ती हौस असते. दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्यावर केली तर तिला दुसरं नाव आहे.

पाणी जातं कुठे

आता तंत्राकडे येऊ, कारण आमच्या मंडळींचा सगळा युक्तिवाद तिथेच सुरू होतो. "फळात ९० टक्के पाणी असतं, म्हणून जितकं पाणी जास्त तितकं फळ मोठं." ऐकायला सरळ वाटतं. हा भ्रमाचा भोपळा फोडायला साधं गणित पुरेसं आहे.

एका वेलाला साधारण ६० चौरस मीटर जागा देतात. वेलावर एकच फळ ठेवतात, बाकीची खुडून टाकतात. जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात पूर्ण झाकलेल्या त्या वाफ्यातून माती आणि पानं मिळून दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी हवेत जातं. ६० चौरस मीटरला ५ मिलिमीटर म्हणजे ३०० लिटर. ही झाली भर उन्हाळ्यातल्या एका दिवसाची तहान. त्याच काळात फळ जोमात असेल तर दिवसाला १५ ते २० किलो वाढतं. म्हणजे ३०० लिटरपैकी फळात गेलं जेमतेम १८ लिटर. बाकीचं पानांमधून आणि मातीतून उडून गेलं.

ते वाया गेलं असं मात्र नाही. पानांना थंड ठेवणं, मुळांतून अन्न वर ओढणं, पानांची छिद्रं उघडी ठेवून हवा आत घेऊ देणं, ही कामं त्या पाण्याने केली. पण ती कामं ३०० लिटरमध्ये झाली की पुढचे ३०० लिटर वेलाला नको असतात. फळ वाढतं ते पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेवर. साखर जेवढी येते तेवढंच पाणी फळ सोबत ओढून घेतं. नळी रात्रभर सोडून ठेवली म्हणून पानं जास्त साखर करत नाहीत.

तरीही दिवसाला ५००-६०० लिटर ओतणारे मला दर हंगामात भेटतात. ते जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि जाताना मातीतला नत्र सोबत घेऊन जातं. म्हणजे खत विकत घ्यायचं आणि स्वतःच्याच विहिरीच्या पाण्यात नायट्रेट म्हणून सोडायचं. वर मुळं गुदमरतात ती वेगळीच. आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक अचूक शब्द आहे, वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळती आहे, अशी ती अवस्था. मुळाला पाणी हवं असतं तसा श्वासही हवा असतो. इंग्रजीत याला इतका सुटसुटीत शब्द मला सापडलेला नाही, आणि कधीकधी वाटतं, शब्द नाही म्हणूनच इथे माणसं चिखल करतात.

त्यात आणखी एक धोका. आठवडाभर कोरडं ठेवून एके दिवशी भरमसाट पाणी दिलं की फळ आतून फुगतं आणि साल तितक्या वेगाने ताणली जात नाही. फट पडते. ती आतल्या पोकळीपर्यंत गेली की भोपळा स्पर्धेतून बाद. तीन महिन्यांची मेहनत एका नळीपायी जाते.

कसं द्यायचं

पद्धती मुख्यतः तीन. पहिली मोकाट: नळी टाकायची आणि विसरायचं. दुसरी स्प्रिंकलर: वरून फवारा. तिसरी ठिबक.

पहिलीबद्दल वर लिहिलंच आहे. स्प्रिंकलर इथे फार लाडका, कारण तो बहुतेकांकडे लॉनसाठी आधीपासून असतो. पण त्याचं पाणी आधी पानांवर पडतं. भोपळ्याची पानं सुपाएवढी. त्यांच्यावर पडलेलं बरंचसं पाणी मातीपर्यंत न पोचताच उडून जातं, वारा असेल तर शेजारच्या रस्त्यावर जातं. पानं तासन्‌तास ओली राहिली की केवडा आणि जिवाणूंचे ठिपके यांना आमंत्रण. जमिनीवर साचलेलं पाणी उडून फळावर बसलं तर फायटोफ्थोरा नावाची कूज येते, आणि ती एकदा मातीत आली की वर्षानुवर्षं जात नाही.

स्प्रिंकलरवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. पारा ३२-३३ अंशांच्या वर गेला की भर दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा थोडा वेळ बारीक तुषार सोडले तर पानं थंड होतात. हे मान्य. पण तो थंडाव्याचा उपाय झाला, पाणी देण्याचा नव्हे. दोन-चार मिनिटांच्या तुषारांना लिटरभर पाणी लागतं, तासभराच्या फवाऱ्याला शेकडो. आणि दुपारी मान टाकलेलं पान संध्याकाळी आपोआप उभं राहिलं, तर वेल तहानलेला नव्हताच. पान लवलं की नळी सुरू करणाऱ्यांनी आधी संध्याकाळपर्यंत थांबून बघावं.

उरलं ठिबक. इथले जुने लोक त्याला नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप असा की भोपळ्याची मुळं फक्त बुडाशी नसतात. तेही खरं आहे. मुख्य वेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटलेले उपवेल मातीत पुरतात, आणि पुरलेल्या प्रत्येक पेरातून नवी मुळं सुटतात. सगळा वाफाच मुळांनी भरलेला असतो. बुडाशी चार ड्रिपर ठेवून भागत नाही. पण मग नळ्या सगळ्या वाफ्यात अंथराव्यात. उपवेल जसे माशाच्या काट्यासारखे फुटतात, तशा त्यांच्यामधून नळ्या, दर ३० सेंटीमीटरला एक ड्रिपर. वेल पुढे सरकेल तशी पुढची नळी उघडायची. त्यावर गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन. एका दुपारचं काम आहे.

जळगावची केळी ज्या तंत्रावर उभी आहे, महाराष्ट्रातला शेतकरी जे डाळिंबाला, द्राक्षाला रोज वापरतो, ते इथे अजून 'मोजकं, कंजूष' वाटतं, याचं मला दर वर्षी नवल वाटतं. कंजूष हा शब्द त्यांनी टीका म्हणून वापरला होता. मी तो कौतुक म्हणून घेते.

आणि किती द्यायचं, ते पोटातल्या अंदाजावर सोडू नये. १५-२० सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती काढा. दाबल्यावर पाणी पाझरलं तर थांबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, आज काही करू नका. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. ज्याला यंत्र हवं त्याने टेन्सिओमीटर रोवावा. आणि नळीच्या तोंडाशी पाणी मोजणारं मीटर बसवावं. ते मीटर पुढे कामाला येणार आहे.

कुठलं द्यायचं

स्रोतांवरून आमच्यात जेवढी भांडणं होतात, तेवढी बियाण्यांवरूनही होत नाहीत. आणि बहुतेक भांडणं चुकीच्या मुद्द्यावर.

नळाचं पाणी. "क्लोरीनने मातीतले जिवाणू मरतात" म्हणून लोक घाबरतात. पिण्याच्या पाण्यात असतो तेवढा क्लोरीन मातीच्या वरच्या थरातच संपतो. नुसता क्लोरीन असेल तर पाणी दिवसभर उघडं ठेवलं की उडूनही जातो. बॉस्टनच्या पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं सहज उडत नाही, पण त्याच्यानेही भोपळा मरत नाही. नळाच्या पाण्याविरुद्ध खरा मुद्दा वेगळा आहे: ते पिण्यायोग्य करायला गावाने पैसे आणि वीज घातली आहे, आणि उन्हाळ्यात त्याच नळावर सगळं गाव असतं. घरात पाणी मऊ करणारं मिठाचं यंत्र असेल तर त्यातून आलेलं पाणी मात्र वेलाला कधीच देऊ नये, त्यात सोडियम असतं.

तळ्याचं पाणी. कोमट, म्हणून मुळांना आवडतं. पण शेवाळाने ड्रिपर बुजतात, आणि वरच्या शेतांमधून वाहून आलेली फायटोफ्थोरा त्यातून आपल्या वाफ्यात येऊ शकते. गाळणी आणि माहिती दोन्ही हवी.

विहिरीचं पाणी. इथे विहीर म्हणतात, पण असतं ते आपलं बोअरच, खडकात शेकडो फूट गेलेलं. पाणी वर्षभर साधारण १० अंशांचं, म्हणजे जुलैतल्या तापलेल्या मातीला बर्फासारखं. लोह जास्त असेल तर नळ्यांमध्ये गंज साचतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ झिरपून काही विहिरींत उतरलेलं असतं. तरीही बहुतेक जण हेच वापरतात, कारण बिल येत नाही.

आणि पावसाचं पाणी. मऊ, क्षार नसलेलं, टाकीत साठवलं की हवेच्या तापमानाचं. भोपळ्याला याहून चांगलं पाणी नाही, हे सगळेच मानतात. मग लगेच म्हणतात, "पण पुरतं कुठे?"

पुरतं. हा हिशेब बघा. आमच्या भागात उन्हाळ्याच्या महिन्यात सरासरी ९० मिलिमीटर पाऊस पडतो. वेलाची तहान दिवसाला ३०० लिटर धरली तर महिन्याला ९,००० लिटर. ६० चौरस मीटरच्या वाफ्यावर थेट पडणारा पाऊस ५,४०० लिटर. कमी पडले ३,६००. आता घराचं छप्पर १०० चौरस मीटरचं धरा. त्यावर ९,००० लिटर पडतं, गळती वगैरे सोडून ७,२०० हाती येतं. म्हणजे गरजेच्या दुप्पट. सरासरी वर्षात एका राक्षसी भोपळ्याला ना नळ लागतो ना विहीर.

अडचण फक्त साठवणीची आहे. दुकानात मिळणारं पावसाचं पिंप २०० लिटरचं असतं, ते एका सरीत भरून वाहतं आणि लोक म्हणतात, झालं, करून बघितलं. त्याऐवजी जाळीच्या चौकटीतल्या हजार लिटरच्या चौकोनी टाक्या जुन्या मिळतात. त्यांत आधी खाण्याचा पदार्थ होता याची खात्री करून चार घ्याव्यात, शेवाळ धरू नये म्हणून काळ्या कापडाने झाकाव्यात. टाकी मीटरभर उंचावर ठेवून मिळणारा दाब साध्या ड्रिपरला पुरत नाही, म्हणून कमी दाबावर चालणारी ठिबकची पट्टी किंवा एक छोटा पंप. अर्धा किलो बियाणं आणि पोतीभर खत यांवर जेवढा खर्च ही मंडळी करतात, त्यापुढे हा काहीच नाही.

माझी विहीर

आता मूळ दुखण्याकडे. टॉप्सफील्डमधून इप्सविच नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यावर साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे. हा पाऊसपाण्याचा हिरवागार प्रदेश, पण या नदीचा वरचा भाग काही उन्हाळ्यांत अक्षरशः कोरडा पडलेला आहे. कारण पाऊस कमी पडला एवढंच नाही. नदीला उन्हाळ्यात जे पाणी मिळतं ते जमिनीतून पाझरून येतं, आणि आजूबाजूच्या विहिरी तेच पाणी वाटेत उपसून घेतात. २०२१ साली 'अमेरिकन रिव्हर्स' या संस्थेने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या नद्यांमध्ये तिचं नाव घातलं. पुढच्याच वर्षी, २०२२च्या उन्हाळ्यात, राज्याच्या या भागात गंभीर दुष्काळ जाहीर झाला.

अशा वेळी गावं बागेला पाणी घालण्यावर बंदी घालतात. आणि तेव्हाच काही हिरव्यागार अंगणांत एक छोटी पाटी उगवते: 'खासगी विहिरीचं पाणी'. अर्थ असा, की तक्रार करू नका, हे गावाचं पाणी नाही. कायदाही बराचसा त्यांच्याच बाजूने आहे. राज्याचा पाणी-उपशाचा कायदा दिवसाला १ लाख गॅलनच्या वर उपसणाऱ्यांना धरतो, घरगुती विहीर त्याच्या आसपासही नसते. काही गावांनी स्वतःचे नियम करून खासगी विहिरींनाही बंदीत घेतलं आहे, पण सगळ्यांनी नाही.

आमच्या मंडळींच्या एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ गडी हसून म्हणाला, "माझी विहीर आहे, माझं पाणी आहे." हे वाक्य मी इंग्रजीत ऐकलं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. 'माझं बोअर, माझं पाणी' हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आणि हा योगायोग नाही. दोन्ही वाक्यांचा आजा एकच आहे. आपल्या जमिनीखालचं पाणी वाटेल तेवढं उपसावं, शेजाऱ्याची विहीर आटली तरी तक्रार चालणार नाही, हे तत्त्व १८४३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात उचलून धरलं. त्याच विचारावर मॅसॅच्युसेट्सची न्यायालयं चालत आली. तोच विचार इंग्रजांनी १८८२च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आपल्याकडे लिहून ठेवला. भूगर्भातलं पाणी कसं वाहतं हे तेव्हा कुणाला नीट कळत नव्हतं, म्हणून ते जमिनीच्या मालकाचं मानून टाकलं. आज ते कळतं. पाणी कुंपण ओळखत नाही, हे इप्सविचच्या कोरड्या पात्रात उभं राहून कुणालाही दिसतं. महाराष्ट्राने २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालायची तरतूद केली. कागदावरचा कायदा आणि शिवारातलं बोअर यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको.

त्या मानसिकतेचा शेवट कुठे होतो ते मी बघितलेलं आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी. त्या दुष्काळाला अनेक कारणं होती, पण प्रत्येकाचं बोअर प्रत्येकाच्या मालकीचं होतं आणि खालचं पाणी मात्र एकच होतं, हे त्यातलं मोठं कारण.

"मग लॉनवाल्यांना का नाही बोलत?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि आकड्यांत तो बिनतोड आहे. एका राक्षसी भोपळ्याला हंगामभरात साधारण २५,००० लिटर पाणी लागतं, त्यातलंही बरंच पाऊसच देतो. पाव एकर लॉनला आठवड्याला एक इंच पाणी घातलं, तर त्या एका आठवड्यातच २५,००० लिटर होतात. असे २० आठवडे घातलं तर लातूरची पहिली गाडी रिकामी. लॉनसमोर भोपळा अगदी गरीब प्राणी आहे.

पण 'तो माझ्यापेक्षा जास्त घेतो' हे कुणाच्याही बाबतीत उत्तर होऊ शकत नाही. ते आमच्याकडे उसाबद्दलही म्हणतात, आणि ऊसवाले कारखान्यांबद्दल. बोट पुढे सरकत राहतं, पाणी कुणाच्याच नावावर चढत नाही. शिवाय लॉनकडे बघायला कुणी तिकीट काढून येत नाही. भोपळ्याकडे येतात. लहान मुलं खांद्यावर बसून येतात, फोटो काढतात. ज्याच्याकडे इतके डोळे लागलेले असतात, त्याने काय दाखवायचं याची जबाबदारीही जास्त असते.

दुसरा आक्षेप: "असं केलं तर विक्रम होणार नाहीत." का होणार नाहीत? सरासरी वर्षात पाणी पुरतं, हे वर दाखवलं. वाफ्याच्या गरजेपलीकडचं पाणी वजनात जात नाही, हेही दाखवलं. विक्रम होतात ते बियाण्यावर, मातीवर, उन्हावर आणि रोज पहाटे वेलाजवळ जाणाऱ्या माणसावर. दुष्काळाच्या वर्षी मात्र फळ लहान निघेल. निघू दे. त्या वर्षी नदीही लहान होती. भोपळ्याने तेवढं सोसलं तर काय बिघडलं? उलट कोरड्या वर्षातला ४०० किलोंचा भोपळा मला ओल्या वर्षातल्या ७०० किलोंपेक्षा जास्त शिकवून जातो.

तिसरा आक्षेप माझ्यावरच असतो: "तू दुष्काळी भागातून आलीस, म्हणून तुला सगळीकडे दुष्काळ दिसतो." असेलही. ज्याने घागर डोक्यावरून आणलेली बघितली आहे त्याला पाण्याचं वजन कळतं, आणि वजनाच्याच स्पर्धेत ते कळणं काही वाईट नाही.

माझी मागणी

या खेळाचे नियम 'ग्रेट पंपकिन कॉमनवेल्थ' ही संघटना ठरवते. फळ कुजकं नसावं, फट आरपार नसावी, अशा अटी ती घालते आणि सगळे पाळतात. म्हणजे नियम करणं यांना जमतं. माझी मागणी दोन ओळींची आहे.

एक: जत्रेतल्या पाटीवर वजनाखाली दोन गोष्टी लिहाव्यात, बाहेरून दिलेलं पाणी किती लिटर आणि ते कुठलं. नळ, विहीर, तळं की छप्पर. सक्ती लगेच नको, लिहिणाऱ्याने लिहावं, न लिहिणाऱ्याची जागा कोरी राहावी. कोरी जागाही लोक वाचतात.

दोन: सगळ्यात जड भोपळ्याच्या बक्षिसाशेजारी एक बक्षीस दर लिटरमागे सगळ्यात जास्त वजनाचं असावं. आज जी माणसं किलोसाठी जीव टाकतात, तीच उद्या लिटरसाठी टाकतील. स्पर्धेची खोड तशी चांगली असते, तिला कुठल्या आकड्यामागे पळायचं ते सांगावं लागतं.

लबाडी होईल? होईल. कुणी मीटर चुकवेल, कुणी रात्री नळी सोडेल. वजनातही लबाडी करता येते, म्हणून कुणी काटा फेकून दिलेला नाही.

तुम्ही पुण्यात, नागपुरात, मडगावात हे वाचत असाल आणि राक्षसी भोपळा लावायचा तुमचा काहीच बेत नसेल, तरी एक करून बघा. तुमची जी हौस पाण्यावर चालते, गच्चीवरची बाग असेल, दर रविवारी धुतली जाणारी गाडी असेल, सोसायटीतलं लॉन असेल, तिच्या नळाला एक महिना मीटर लावा. आकडा जिन्याखाली, सगळ्यांना दिसेल असा, खडूने लिहा. त्याच्या शेजारी लिहा, टँकरचं की बोअरचं की पावसाचं. आणि पुढच्या सभेत कुणी 'बोअर आपलंच आहे' म्हणालं, तर त्याला विचारा: बोअर आपलं, पण पाणी कुणाचं?